आठ कलांचा फरक

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील एका शाळेत १९ जुलै १५९५ रोजी गणिताचे शिक्षक योहानेस केप्लर फळ्यावर आकृती काढत होते. गुरू आणि शनी यांची युती दर वीस वर्षांनी आकाशात कोठे होते, हे त्यांना दाखवायचे होते. (पुढच्या वर्षी त्यांच्या गणिताच्या वर्गाला एकही विद्यार्थी आला नाही, हेही शिक्षकवाचकांना सांगायला हवे!) त्या आकृतीवरून त्यांना एक कल्पना सुचली. तेव्हा ग्रह सहाच माहीत होते, म्हणजे त्यांच्यामध्ये पाच मोकळ्या जागा. सुसम घनाकृतीही पाचच असतात. देवाने सूर्यमाला याच मापाने रचली, अशी केप्लरची खात्री झाली. १५९६ मध्ये त्यांनी तसे पुस्तकच लिहिले.

दुसरी समजूत त्यांची एकट्याची नव्हती. ग्रह वर्तुळांतच फिरतात, हे दोन हजार वर्षे सारे मानत आले होते. १६०० मध्ये केप्लर टायको ब्राहेकडे गेले आणि मंगळाचे गणित त्यांच्या वाट्याला आले. एकच आकडेमोड त्यांनी सत्तर वेळा केली. तरीही वर्तुळ धरून काढलेली मंगळाची जागा आणि टायकोने मोजलेली जागा यांत आठ कलांचा फरक उरला.

आठ कला म्हणजे किती? अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे तीस कलांचे दिसते. म्हणजे फरक बिंबाच्या पाव भागाएवढा. टॉलेमीच्या काळी दहा कलांची चूक चालून जाई. पण टायकोची दुर्बिणीविना घेतलेली मापे एकदोन कलांपर्यंत अचूक होती, आणि हे केप्लरना पक्के ठाऊक होते. मापावर खापर फोडणे सोपे होते. त्यांनी वर्तुळावरच संशय घेतला. पुढे काही वर्षे धडपडल्यावर लंबवर्तुळ सापडले. १६०९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हे लंबवर्तुळ किती चपटे? फळ्यावर ते एक मीटर लांब काढले, तर त्याची रुंदी लांबीपेक्षा साडेचार मिलिमीटरांहूनही कमीच भरते. खडूची रेघच जवळजवळ तेवढी जाड असते.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात. आम्हांला पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पाच घनाकृतींवरून काढलेली अंतरेही प्रत्यक्षाशी नेमकी जुळत नव्हती. तेथे मात्र केप्लरनी कल्पना सोडली नाही. उरलेला फरक त्यांनी संगीतातील स्वरांच्या प्रमाणांनी भरून काढला. १६२१ मध्ये त्या जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ मजकूर तसाच ठेवून त्यांनी टिपा जोडल्या आणि स्वतःच्या अनेक चुका दाखवल्या. घनाकृती मात्र राहिल्या. वर्तुळ पूर्वजांचे होते, घनाकृती स्वतःला सुचलेल्या होत्या. आमच्या मते एवढ्यानेही बराच फरक पडला असावा.

१७८१ मध्ये विल्यम हर्शेलना युरेनस सापडला. ग्रह सात झाले, मोकळ्या जागा सहा. सहावी सुसम घनाकृती मात्र भूमितीत नाही.