येलदरीचं नियोजन कोण शिकलं होतं?

बांधकाम व्यवस्थापनाचा इतिहास अभ्यासायचा विचार करताय? मग हे कोडं बघा. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. बांधकाम व्यवस्थापन हाच मुख्य विषय शिकवणारी निकमार ही संस्था मात्र १९८३ मध्ये स्थापन झाली. मग येलदरीच्या वेळी नियोजन शिकलं होतं कोण?

"कुणीच नाही" हे घाईचं उत्तर झालं. पुण्यात १८५४ पासूनच सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडवणारा वर्ग होता. त्यातूनच पुढे सीओईपी उभं राहिलं. उरलेलं शिक्षण साइटवर व्हायचं. अंदाजपत्रक, हजेरीपट, मोजमाप पुस्तक यांतून माणसं, काम आणि पैसा यांचा मेळ घालणं हेही व्यवस्थापनच. फक्त त्याची पदविका मिळत नव्हती.

सीपीएम आणि पर्ट या पद्धती अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास आल्या. पायाशिवाय भिंत उभी राहत नाही, हे मुकादमालाही ठाऊक होतं. पण शेकडो कामांपैकी नेमकं कोणतं रखडलं तर अख्खा प्रकल्प लांबतो, हे आता आकडेमोडीने आधीच काढता येऊ लागलं. नवीन होतं ते एवढंच, आणि ते थोडं नव्हतं.

म्हणून संशोधनात संस्थेच्या स्थापनेचं वर्ष म्हणजे ज्ञानाचा जन्म, असं धरू नका. अभ्यासक्रम वाचाच, पण जुनी मोजमाप पुस्तकं आणि हजेरीपटही शोधा. नाहीतर तुमच्या प्रबंधात प्राध्यापक येतील आणि मुकादम राहून जाईल.