सोळा अंशांचा गैरसमज

महाड : रायगडावर जाणाऱ्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानक हिरकणीवाडी येथे आहे. महाडपासून हे अंतर साधारण २५ किलोमीटर. १९९६ मध्ये रज्जुमार्ग सुरू झाल्यानंतर गडाच्या पायथ्याशी पर्यटकांची वर्दळ वाढली आणि चहा-नाश्त्याच्या टपऱ्यांसोबत मुक्कामाच्या खोल्याही उभ्या राहिल्या. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने या खोल्यांची मागणी वाढेल, अशी पंचक्रोशीत अपेक्षा आहे. 'खोलीत एसी आहे का?' हा प्रश्न आता भाड्याच्या चौकशीआधी येतो.

एप्रिलच्या दुपारी गड उतरून आलेला पर्यटक घामाघूम अवस्थेत खोलीत शिरतो, रिमोट उचलतो आणि आकडा १६ वर येईपर्यंत कळ दाबत राहतो. खोली झटपट गार व्हावी, एवढीच त्याची इच्छा असते. मध्यरात्री तोच पर्यटक व्यवस्थापकाकडे जादा रग मागतो. यंत्र मात्र पहाटेपर्यंत अखंड चालू असते आणि त्याचे बिल खोलीच्या मालकाला भरावे लागते. या साऱ्याच्या मुळाशी थर्मोस्टॅट या छोट्या भागाविषयीचा एक मोठा गैरसमज आहे.

नळ नव्हे, टाकीतला फ्लोट

थर्मोस्टॅट म्हणजे तापनियंत्रक. रिमोटवर दिसणारा आकडा गारव्याचा जोर ठरवीत नाही. कोठे थांबायचे, एवढेच तो यंत्राला सांगतो. नळाची तोटी अधिक फिरवली की पाणी जोरात येते. थर्मोस्टॅटचे तसे नाही. तो गच्चीवरील टाकीतल्या फ्लोटसारखा आहे. पाणी ठरलेल्या पातळीला आले की फ्लोट पुरवठा बंद करतो. फ्लोट वर बांधला म्हणून टाकी लवकर भरत नाही, ती फक्त अधिक वरपर्यंत भरते.

साध्या, म्हणजे एकाच वेगाने चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रात तर हे अगदी तंतोतंत लागू पडते. खोलीचे तापमान ३४ अंश असेल, तर रिमोटवर २४ असो की १६, कॉम्प्रेसर सारख्याच ताकदीने चालतो. ३४ वरून २४ वर येण्यास दोन्ही वेळा तेवढाच अवधी लागतो. फरक पुढे पडतो. २४ वर ठेवलेले यंत्र तेथे पोहोचल्यावर विश्रांती घेते. १६ वर ठेवलेले यंत्र धावतच राहते, आणि कोकणातील उन्हाळ्यात त्या आकड्यापर्यंत ते बहुधा पोहोचतही नाही. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो. तेथेही आकडा गाठत आला की वेग मंदावतो आणि वीज वाचते. अप्राप्य आकडा दिल्यास इन्व्हर्टरसाठी मोजलेले जादा पैसे वाया गेल्यासारखेच होते.

हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कुटुंबांशी बोलून मानववंशशास्त्रज्ञ विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर तापविण्याच्या थर्मोस्टॅटविषयी लोकांच्या मनात दोन समजुती असतात, असे त्यांना आढळले. काहींना तो तोटीसारखा वाटतो, तर काहींना ठरावीक तापमानाला थांबणारी कळ वाटते. तोटी समजणारे लोक आकडा सतत वर-खाली करीत राहतात. हिरकणीवाडीत आकडा खाली जातो, मिशिगनमध्ये वर जात होता, एवढाच काय तो भेद.

यंत्राला तापमान कसे कळते?

पूर्वीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन भिन्न धातूंची एकमेकींवर चिकटवलेली पट्टी असे. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि विजेचा जोड तुटतो किंवा जुळतो. इस्त्रीत हीच युक्ती आजही पाहावयास मिळते. हल्लीच्या भिंतीवरील एसीत तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा थर्मिस्टर नावाचा लहान संवेदक असतो. खोलीतील हवा ज्या मार्गाने यंत्रात ओढली जाते, त्या मार्गातच तो बसविलेला असतो. म्हणजे यंत्र मोजते ते छताजवळच्या हवेचे तापमान. पलंगावर झोपलेल्या माणसाजवळचे नव्हे. यंत्रासमोर पडदा किंवा कपाट असेल, तर गार हवा फिरून लगेच संवेदकापाशी परतते. खोली गार झाली, असे समजून कॉम्प्रेसर थांबतो आणि कोपऱ्यातील पाहुणा उकाड्याची तक्रार करतो. अशा वेळी आकडा कमी करण्याऐवजी पडदा सरकवावा. धुळीने भरलेली जाळी हेही तक्रारीचे नेहमीचे कारण असते. रस्त्यालगतच्या खोल्यांत ती दर पंधरवड्याला धुणे इष्ट.

ठरविलेल्या आकड्याच्या एखादा अंश वर-खाली यंत्र चालू-बंद होते, हा दोष नव्हे. तसे अंतर न ठेवल्यास कॉम्प्रेसर मिनिटामिनिटाला सुरू होऊन लवकर निकामी होईल. बंद केलेले यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पहिली सुमारे तीन मिनिटे नुसतीच हवा येते, तेही याच कारणाने. पुष्कळ पर्यटक नेमके याच तीन मिनिटांत 'एसी बिघडला' म्हणून आरडाओरडा करतात.

चोवीसचा आकडा कोठून आला?

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ऑक्टोबर २०१९ मध्ये अधिसूचना काढून १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले. मूळ तापमान म्हणजे कारखान्यातून येताना यंत्रात भरलेला आकडा. ग्राहकाला तो बदलता येतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी नव्या यंत्रांची मर्यादाच २० ते २८ अंशांदरम्यान ठेवण्याचा मानस जाहीर केला, तेव्हा यावर देशभर बरीच चर्चा झाली.

आकडा एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे म्हणणे आहे. या हिशेबाने १८ ऐवजी २४ अंश ठेवल्यास बचत ३० टक्क्यांच्या घरात जाते. उदाहरणादाखल दीड टनाचे, तासाला दीड युनिट घेणारे साधे यंत्र धरू. रात्रीच्या ८ तासांत कॉम्प्रेसर अजिबात थांबला नाही, तर १२ युनिट जळतील. योग्य आकड्यामुळे तो ६० टक्के वेळच चालला, तर ७.२ युनिट. एका खोलीमागे महिन्याला १४४ युनिटांचा फरक पडतो. घरगुती ग्राहकांसाठी महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. त्यामुळे ज्या कुटुंबाचा वापर एरवी १०० युनिटांच्या पहिल्या टप्प्यात असतो, त्याला हा फरक चढ्या दराने मोजावा लागतो.

२४ हा काही मंत्रोच्चार नव्हे. छताचा पंखा मंद चालू असेल, तर २६ अंशांनाही बहुतेकांना सुखाची झोप लागते. वाऱ्याची झुळूक अंगावर आल्याने दोन-तीन अंशांचा गारवा अधिक भासतो, आणि पंख्याला लागणारी वीज एसीच्या तुलनेत नगण्य असते. उष्ण प्रदेशातील माणसांना थंड देशांतील लोकांपेक्षा चढे तापमान सुसह्य वाटते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही हा विचार स्वीकारला आहे.

तापलेला पत्रा आणि घामेजलेली भिंत

याच जिल्ह्यातील भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली होती. समुद्राचा वारा न पोहोचणाऱ्या अंतर्भागातील खोऱ्यांत उन्हाळा असाच कडक असतो. हिरकणीवाडीच्या माथ्यावर तर काळ्या कातळाचा कडा उभा आहे. बाळासाठी याच गडाचा कडा रात्री उतरणाऱ्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दिवसभर तापलेला कातळ सूर्यास्तानंतरही उष्णता सोडीत राहतो. सिमेंटचे छतही तेच करते. पत्र्याच्या खोलीत तर दुपारी यंत्र ठरविलेल्या आकड्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. मग १६ काय आणि २४ काय. तेथे थर्मोस्टॅटशी झगडण्यापूर्वी पत्र्याखाली आच्छादन घालणे, वरून पांढरा रंग देणे आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून आडोसा करणे यांचा उपयोग होतो. जुन्या कौलारू घरांत ही अडचण कमी होती. परंतु कौलांच्या फटींतून गार हवा निघून जात असल्याने अशा घरात एसी बसविणे म्हणजे पैसा कौलांतून उडविणे होय.

पावसाळ्यात निराळाच प्रश्न उभा राहतो. ६ जूनला राज्याभिषेक दिनासाठी हजारो शिवभक्त गडावर येतात, तेव्हा पाऊस तोंडावर असतो आणि हवा ओलाव्याने जड झालेली असते. अशा दिवसांत १८ अंशांपर्यंत गार केलेल्या खोलीचे दार उघडले, की बाहेरची दमट हवा थंड भिंतींना लागून तेथे पाणी सुटते. गादीला कुबट वास येतो, कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. पाहुणा गेल्यावर ही डोकेदुखी मालकाच्या वाट्याला येते. या काळात 'ड्राय' ही पद्धत वापरावी. तीत यंत्र पंखा मंद ठेवून मुख्यतः ओलावा काढते. मुसळधार पावसात बाहेरचे तापमान २५ अंशांच्या आसपास असताना खरी गरज ओलावा काढण्याचीच असते.

वेळापत्रक लावण्याची कला

थर्मोस्टॅट जन्माला आला तो मात्र थंडी निवारण्यासाठी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या खोलीच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्गात थंडी वाजू लागली की त्यांच्या उपकरणामुळे तळघरातील कर्मचाऱ्याजवळ घंटा वाजे आणि तो बंब सारखा करी. पुढे घड्याळ जोडलेले थर्मोस्टॅट आले आणि दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरांसाठी वेगवेगळे तापमान आधीच ठरवून ठेवण्याची सोय झाली.

न्यू जर्सी वा टोरांटोतील मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यात अशी चौकट भिंतीवर हमखास दिसते. हिवाळ्यात सकाळी उठण्यापूर्वी घर उबदार व्हावे, सारे कामावर गेल्यावर तापमान उतरावे आणि सायंकाळी पुन्हा चढावे, असा क्रम तीत भरता येतो. दिवसाचे आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने उतरविल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असे तेथील ऊर्जा विभाग सांगतो. हीट पंप असलेल्या घरांत मात्र हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. गंमत अशी, की प्रोग्रॅम भरणे एवढे किचकट होते की अनेकांनी ते भरलेच नाही. अपेक्षित बचत दिसेना, म्हणून अशा थर्मोस्टॅटना दिले जाणारे 'एनर्जी स्टार' हे सरकारी मानचिन्ह २००९ च्या अखेरीस थांबविण्यात आले.

आपल्याकडे भिंतीवरची चौकट क्वचितच दिसते, परंतु तिचे काम रिमोटवरील दोन कळा बऱ्याच अंशी करतात. 'स्लीप' ही कळ दाबल्यास यंत्र दर तासाला एकेक अंश करीत तापमान बहुधा दोन अंशांनी वाढविते. झोपेत शरीराची उष्णता कमी झालेली असते आणि बाहेरही रात्र निवत जाते, म्हणून हे जाणवत नाही. दुसरी कळ 'टायमर'ची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी पहाटे चांगलाच गारवा असतो. पहाटे चारला यंत्र बंद होईल, असा टायमर लावून ठेवल्यास पुढचे तास खिडकी आणि पंखा सांभाळून नेतात. डिसेंबरमध्ये तर बहुतेक रात्री एसीची गरजच नसते. तापविणारी 'हॉट अँड कोल्ड' यंत्रे येथे घेणे हा निव्वळ हौसेचा भाग.

खोल्यांच्या चालकांसाठी आणखी एक सोय आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. अनेक यंत्रांत तापमानाची खालची मर्यादा बांधून ठेवता येते. काही कंपन्या तिला हॉटेल मोड म्हणतात. बसविणाऱ्या कारागिराकडूनच ती २२ किंवा २३ वर बांधून घ्यावी, म्हणजे पाहुण्याशी हुज्जत घालावी लागत नाही. रिमोट काढून घेणे हा काही आतिथ्याला शोभणारा उपाय नव्हे.

वीज गेल्यानंतर

डोंगराळ भागात वीज जाणे नित्याचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. एरवीही वादळी पावसात पुरवठा खंडित होतो आणि परत आला की सुरुवातीला दाब चढ-उतार करतो. बहुतेक यंत्रे वीज आल्यावर पूर्वीच्याच आकड्यावर आपोआप सुरू होतात. रिकाम्या खोलीतील यंत्र १६ वर राहिले असेल, तर ते कोणाच्या नकळत सुरू होऊन सकाळपर्यंत चालते. म्हणून पाहुणा खोली सोडून गेल्यावर भिंतीवरचे मुख्य बटन बंद करावे. पाच-सहा यंत्रे एकाच वेळी सुरू झाल्यास दाब आणखी कोसळतो आणि कॉम्प्रेसर गुरगुरून थांबतो. वीज येताच ती एकदम न लावता एकेक करून, मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवून लावावीत. दाब सतत कमी राहत असेल, तर स्टॅबिलायझरचा खर्च कॉम्प्रेसर बदलण्याच्या खर्चापुढे फारच थोडा ठरतो.