पिकअप घाटात ओढत नाही म्हणून टर्बो बदलायला निघालात? थांबा, आधी हे तपासा

कसारा घाट. पहाटे वाशी मार्केटला भाजी उतरवून, परतीचं भाडं भरून नाशिककडे निघालेला पिकअप. सपाटीला गाडी बरी पळत होती, पण चढ लागला आणि दम संपला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकलाय, मागे काळ्या धुराचा लोट आणि बोनेटखालून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज.

गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री बोनेट उघडतो, आवाज ऐकतो आणि सांगतो, "टर्बो गेला." आता खर्च हजारांच्या घरात. महिन्याचा हप्ता थकणार, दोन-तीन दिवस भाडं बुडणार. मालक पोटाला चिमटा काढून नवा टर्बो बसवतो आणि गाडी पुन्हा त्याच घाटात, त्याच वळणावर, तशीच धापा टाकते.

कारण टर्बो गेलेलाच नव्हता. गेला होता तो इंटरकूलरचा रबरी पाइप, क्लिपच्या खाली, जिथे चीर सहज दिसत नाही.

डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत हा प्रकार नवा नाही. टर्बो हा इंजिनवरचा सगळ्यात बदनाम भाग आहे. कुठलीही खोड निघाली की पहिलं बोट त्याच्याकडे जातं. प्रत्यक्षात टर्बो आपणहून क्वचित मरतो. बहुतेक वेळा त्याला घाण ऑइल, अपुरं ऑइल किंवा हवेतून आत गेलेला कचरा मारतो. त्यामुळे टर्बो बदलायचा असो की मोठा बसवायचा असो, पहिला प्रश्न एकच. आधीच्याला झालं काय?

तर हा टर्बो करतो काय?

इंजिन म्हणजे एक प्रकारचा हवेचा पंप. अडीच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन २,५०० आरपीएमला चाललं, तर टर्बोशिवायही ते मिनिटाला तीन हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या रिकाम्या कराव्यात, तेवढी. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळावं लागतं आणि जास्त डिझेल जाळायला जास्त हवा लागते. नुसतं डिझेल वाढवलं की ते अर्धवट जळतं. तोच तो काळा धूर.

स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूशी यांनी यावर १९०५ साली पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा, जो बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतो. कल्पना इतकी साधी, पण ती धड चालायला वीस वर्षं लागली. १९२५ च्या सुमारास ब्यूशींनी जहाजाच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ताकद १,७५० वरून २,५०० हॉर्सपॉवरवर नेली. आज बोलेरो पिकअप असो की टाटा योद्धा, टर्बो कंपनीतूनच बसून येतो.

जोर लागला की या पंख्यांचा वेग मिनिटाला लाखाच्या पुढे जातो. एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मध्ये करंगळीहून बारीक शाफ्ट. हा शाफ्ट बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंगवर नसतो, तो ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. थराची जाडी केसापेक्षा कमी. म्हणजे ऑइलमधला एखादा बारीक कण किंवा काही सेकंदांचा ऑइलचा तुटवडा या थराला पुरेसा आहे.

म्हणूनच लांबच्या चढानंतर ढाब्यावर गाडी लावली की लगेच चावी फिरवू नये, असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्यात तथ्य आहे. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण टर्बो लालबुंद असतो. आत अडकलेलं ऑइल तिथेच भाजतं आणि त्याचा कोळसा होतो. तो हळूहळू ऑइलची वाट बुजवतो. एक-दोन मिनिटं गाडी आयडलला ठेवली की एवढ्यावर निभावतं. सकाळचंही तसंच. स्टार्ट केल्या केल्या रेस मारायची सवय टर्बोच्या मुळावर येते, कारण ऑइल अजून वरपर्यंत पोचलेलं नसतं.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. चोकअप एअर फिल्टर, फाटलेला किंवा निसटलेला पाइप, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, खराब इंजेक्टर. टर्बो या यादीत आहे, पण शेवटी.

पाइप तपासताना बरेच जण साबणाचं पाणी मारतात आणि बुडबुडे आले नाहीत म्हणून निर्धास्त होतात. गंमत अशी की गाडी जागेवर आयडलला असताना टर्बो जवळपास दाब तयारच करत नाही. बूस्ट येतो तो लोडवर. त्यामुळे बंद पाइपमध्ये बाहेरून बेताची हवा भरून लीक शोधावा लागतो. त्याआधी नुसत्या डोळ्यांनीही बरंच कळतं. जिथून हवा निसटते, तिथे ऑइलचा काळपट ओला डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. क्लिप सैल करून रबर वाकवून पाहिलं की चीर उघडी पडते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथे टर्बोवर संशय रास्त आहे. तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टर्बोचं सील म्हणजे पाण्याच्या पंपासारखं घट्ट रबर नाही. ती पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते आणि दोन्ही बाजूंच्या दाबाच्या जोरावर ऑइल आत राहतं. ऑइल परत खाली नेणारा पाइप तुंबला, इंजिनचा ब्रीदर जाम झाला किंवा पिस्टन रिंगा झिजून आतला दाब वाढला, की धडधाकट टर्बोसुद्धा ऑइल सोडतो. अशा गाडीला नवा टर्बो घातला तर तोही सोडणार. इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचा हलका ओलावा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो ब्रीदरमधूनही येतो. वाटीभर ऑइल निघालं तर मात्र दखल घ्यावी.

पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतोच. गरम इंजिनवरही येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट, आणि मग हेड गॅसकेटकडे वळावं लागतं.

काही वेळा धूर अजिबात नसतो. चेक लाइट लागते आणि गाडी एका ठरावीक वेगापुढे जायचं नाव घेत नाही. ईसीयूने स्वतःच इंजिनचा गळा धरलेला असतो, त्याला लिम्प मोड म्हणतात. अशा वेळी स्कॅनर लावून बूस्टचा कोड बघणं आणि टर्बोच्या अ‍ॅक्चुएटरकडे जाणारी बोटभर व्हॅक्यूमची नळी बघणं, हे आधी. ही नळी उन्हाने तडकते, उंदीरही कुरतडतात. काही शे रुपयांची नळी हजारोंचा टर्बो बदलायला लावते ती अशी.

हे सगळं ठीक निघालं, तर मग टर्बोला हात लावायचा. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना हवेचा पाइप काढून पंखा बोटाने फिरवून बघतात. मोकळा फिरला पाहिजे. शाफ्ट वर-खाली किंचित हलला तर चालतं, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पुढे-मागे स्पष्ट जाणवेल इतका हलत असेल, पंखा घरावर घासल्याच्या खुणा असतील किंवा पात्यांची टोकं कुरतडलेली असतील, तर टर्बोचं काम संपलं. कुरतडलेली पाती म्हणजे आत काहीतरी गेलं. फाटका एअर फिल्टर, विसरलेला नट, चिंधी. चालू इंजिनवर हा पाइप काढून बोट घालायचा विचारही करू नये.

इंजिन बंदच होत नाही तेव्हा

निळ्या धुराकडे दुर्लक्ष करून गाडी रेटत राहणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं. टर्बोने भसाभस ऑइल सोडलं, तर ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं. डिझेल इंजिनला पेटायला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ते स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून जाळायला लागतं. आरपीएम आपोआप चढत जातो, चावी फिरवून काही होत नाही, पांढऱ्या-निळ्या धुराने रस्ता झाकून जातो. याला रनअवे म्हणतात. असं इंजिन एक तर ऑइल संपून जाम होतं किंवा फुटतं.

मॅन्युअल गिअरची गाडी असेल आणि ड्रायव्हर सीटवर असेल, तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडण्याची ती सगळ्यात चांगली संधी. ते जमत नसेल तर उतरून लांब जायचं आणि बाकीच्यांनाही लांब ठेवायचं. उघड्या इंजिनवर वाकून हवेच्या तोंडाशी हात किंवा फडकं धरणं जिवावर बेततं.

बदलायचाच असेल तर

नवा टर्बो आठवड्यात उडाला, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमीची. यात डुप्लिकेट मालाचा वाटा असतो. काही ठिकाणी फक्त मधला कोअर बदलून, बॅलन्सिंग मशीनवर न चढवता टर्बो परत बसवला जातो, आणि लाखाच्या वेगाला गुंजभर असमतोलही चालत नाही. पण घाईत केलेली फिटिंगही तेवढीच कारणीभूत. ऑइलची जुनी नळी तशीच वापरली तर तिच्यातला कोळसा नव्या बेअरिंगमध्ये जातो. गॅसकेटच्या जागी सिलिकॉनची पेस्ट फासली, तर तिचा तुकडा सुटून ऑइलचं भोक बुजवतो. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील तर तुकडे इंटरकूलरमध्ये लपून बसलेले असतात.

म्हणून नव्या टर्बोबरोबर नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर, नवा एअर फिल्टर, ऑइलच्या नळ्या बदललेल्या किंवा पूर्ण साफ, आणि इंटरकूलर धुतलेला. बसवताना टर्बोच्या भोकात हाताने ऑइल ओतायचं, इंधन तोडून थोडा वेळ नुसता स्टार्टर मारायचा, मग काही मिनिटं आयडल. उरकून टाकण्यासारखं हे काम नाही.

आणि मोठा टर्बो?

रील्सवर अमेरिकेतले अजस्र पिकअप काळ्या धुराचे ढग सोडताना दिसतात आणि इथेही कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळतो. तिथलं चित्र रीलमध्ये येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. अशी साधनं विकणाऱ्यांवर तिथे कारवाया झाल्या आहेत.

नियम बाजूला ठेवले तरी हिशोब जुळत नाही. मोठा पंखा फिरायला जास्त धूर लागतो, म्हणजे बूस्ट उशिरा येतो. लोड भरलेल्या पिकअपला ताकद हवी असते दीड-दोन हजार आरपीएमला, घाटात, दुसऱ्या गिअरवर. मोठा टर्बो नेमका तिथेच झोपलेला असतो. तो जागा होईपर्यंत गाडी बंद पडायची वेळ येते. शिवाय जास्त हवेला जास्त डिझेल, त्यासाठी रिमॅप, मग वाढलेली उष्णता, मग क्लच, मग गिअरबॉक्स. जुन्या इंजिनांत पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचे, त्याचीच ही महागडी आवृत्ती. एक एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाडीत डीपीएफसारखी यंत्रणा असते, तिथे असा खेळ आणखी अंगाशी येतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात क्लेम अडवायला आयतं कोलीत मिळतं ते वेगळंच.

ताकद कमी वाटत असेल तर आधी आहे ती परत मिळवता येते. स्वच्छ फिल्टर, धडके पाइप, धुतलेला इंटरकूलर, साफ ईजीआर आणि वेळेवर बदललेलं, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला उभं राहावंच लागतं, आणि पीयूसीच्या मशीनमध्ये डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणाच मोजला जातो. तेव्हा पाइपची चीर शोधायचा मुहूर्त त्याच्या आधीच्या आठवड्यात काढलेला बरा.