म्हातारपणातला विसर, नैराश्य आणि चालण्याचा व्यायाम

अब्बा चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, अम्मी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते. आपण म्हणतो, वय झालं! पण दर वेळी वयच कारण असतं असं नाही. उतारवयातल्या नैराश्यातही स्मरणशक्ती घटते, विचार मंदावतो, साधा निर्णय घेणं जड जातं. आपले बुजुर्ग 'मन उदास आहे' असं क्वचितच बोलतात. झोप नाही, भूक नाही, पाय दुखतात, एवढंच सांगतात.

यावर एरोबिक व्यायामाचा, म्हणजे श्वास आणि हृदयाची गती वाढवणाऱ्या व्यायामाचा, किती उपयोग होतो? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांच्या गटाने 50 वर्षांवरील 156 नैराश्यग्रस्तांवर हे तपासलं. काहींना सर्ट्रालिन हे औषध, काहींना आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालणं किंवा हळू धावणं, काहींना दोन्ही. 1999 साली निष्कर्ष छापून आले. 16 आठवड्यांनी तिन्ही गटांचं नैराश्य जवळपास सारखंच उतरलं होतं. औषधाचा गुण मात्र लवकर दिसला.

याच गटाने 2001 मध्ये बुद्धीच्या चाचण्यांचे निकाल दिले. व्यायाम करणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि नियोजनाची क्षमता औषधवाल्यांपेक्षा अधिक सुधारली होती. एकाग्रतेत फरक नव्हता. पुढे 2008 च्या मोठ्या अभ्यासात हा फायदा बराच फिका पडला. म्हणून आम्ही याला रामबाण म्हणणार नाही. 2011 मध्ये 120 वृद्धांत वर्षभर चालण्याने मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा आठवणींचा भाग सुमारे 2 टक्के वाढलेला दिसला, पण ती माणसं नैराश्याची रुग्ण नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग. 'घरकामात चालणं होतंच की' असं दादी-नानी म्हणतात. पण थांबत थांबत केलेल्या कामात दम लागत नाही. गच्ची, अंगण, फजरनंतरचा रिकामा रस्ता, काहीही चालेल. सोबत नातवंडं असली तर उत्तमच.

हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम सुरू केला म्हणून नैराश्याच्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि 'आता जगून काय करायचं' असं घरात कुणी बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.