साखळीची भीती आणि शेतीची गणना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गावात कोणी कागद-पेन घेऊन आला आणि जमीन किती, विहीर आहे का, जनावरं किती असं विचारू लागला, की आपण सावध होतो. एकर-दीड एकर कमीच सांगतो. शहरातली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यातले ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशोब. कागदावर चोख होता, पण मुळातले आकडेच चुकलेले. त्यात धान्याचे भाव पडले. सारा झेपेना, तेव्हा माणसं जमिनी टाकून परागंदा झाली. मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केलं. काळी, तांबडी, बरड. मातीची खोली, चुनखडी, उतार हे सगळं पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरवली. उत्तम जमीन सोळा आणे. दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. मोजायची साखळी ३३ फुटांची होती. आजचा आपला गुंठा म्हणजे त्या साखळीचाच चौरस, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद.

तीस वर्षं संपल्यावर १८६७ पासून फेरआकारणी आली आणि सारा वाढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला. त्यात या वाढीव साऱ्याचाही हात होता, असं अनेक अभ्यासक मानतात. साखळी आली की सारा वाढतो, ही धास्ती तेव्हापासूनची.

शेतीची गणना ही मात्र वेगळ्या घरातली. रोमच्या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेने १९३० साली जगभर अशी पहिली गणना योजली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते काम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे आलं. १९५० आणि १९६० च्या फेऱ्यांना आपण राष्ट्रीय नमुना पाहणीतले आकडे दिले. देशाची पहिली पूर्ण कृषिगणना झाली ती १९७०-७१ मध्ये. तेव्हापासून ती दर पाच वर्षांनी ठरलेली आहे. तिच्यावरून कोणाचा सारा ठरत नाही.

तिने काय दाखवलं? १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख शेतकऱ्यांची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये शेतकरी दीड कोटीच्या वर गेले आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. बांधावर उभं राहून हे आपल्याला दिसतंच. पण बी-बियाणं, कर्ज, विमा यांच्या योजना आखणाऱ्याला ते आकड्यांतूनच दिसतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या गणनेत जमीन कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही, ती कसतं कोण याला आहे. चार भावांचा उतारा एक, पण औतं चार असतील, तर शेतकरी चार. वाट्याने कसणारा असेल, तर त्याने कसलेली जमीन त्याच्या खात्यात धरायची. व्याख्या अशी आहे खरी. पण महाराष्ट्रात सात-बारा आहे म्हणून मूळ माहिती घरोघर न विचारता दप्तरातूनच काढली जाते. नमुन्याला निवडलेल्या वीस टक्के गावांत अधिक खोलात जातात. आणि दप्तरात वाटेकरी नसतोच! १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन जमीनमालक विसरलेले नाहीत. तोंडी वाटा ठरतो, कागदावर मालकच पेरतो. पीक बुडालं की भरपाईही कागदावरच्या माणसाला. भीती साऱ्याची राहिली नाही, कुळाची राहिली. ती दूर केल्याशिवाय नुसतं 'खरी माहिती द्या' म्हणणं मला पोकळ वाटतं.

बायांचंही तसंच. शेतकरी स्त्री की पुरुष, ही नोंद १९९५-९६ च्या गणनेपासून होऊ लागली. २०१५-१६ मध्ये देशात स्त्रियांच्या नावे निघाली सुमारे चौदा टक्के वहिवाट. निंदणी-खुरपणीला कोण असतं ते तुम्ही जाणताच.

२०२१-२२ च्या अकराव्या गणनेत पहिल्यांदाच मोबाइल आणि टॅबलेटवर माहिती घेण्याची पद्धत आली. त्याआधी १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणीही सुरू झाली होती. पूर्वी तलाठ्याने चावडीत बसून लिहिलेलं पीक आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, फोटोसह नोंदवू शकतो. तेव्हा या हंगामात एवढं करा: वारसनोंद राहिली असेल तर अर्ज द्या, उताऱ्यावर विहीर चढली आहे का ते पाहा, आणि पेरलेलं पीक तुमच्याच हाताने नोंदवा.