अमेरिकेच्या डोंगरांत आरव्हीचा मुक्काम फुकट कुठे करता येतो?

झोपायची जागा, छोटे स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी म्हणजे आरव्ही. रॉकी पर्वतात अशा गाडीसाठी वीज-पाण्याची जोडणी देणारे खासगी तळ आहेत, पण उन्हाळ्यात तिथले एका रात्रीचे भाडे साध्या मोटेलच्या जवळ जाऊ शकते. त्याच परिसरात फुकटही राहता येते. त्यासाठी आधी पाहायचे, पायाखालची जमीन कोणाची आहे.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या नावांत बहुतेकांची गल्लत होते. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये ठरलेल्या तळाबाहेर गाडीत रात्र काढता येत नाही. पार्कच्या हद्दीला लागूनच अरापाहो आणि रूझवेल्ट ही राष्ट्रीय वने आहेत. ती कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असून, तिथे बंदी नसलेल्या भागात पैसे न देता मुक्काम चालतो. याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे २४.५ कोटी एकर आहे, आणि त्यांच्या बहुतेक जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस राहता येते. वनांतली मुदत मात्र वनागणिक बदलते.

जागा शोधायचे खरे साधन म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसचा ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’. तो फुकट मिळतो. दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा. ज्या रस्त्याच्या कडेला ठिपके छापलेले असतात, तिथे मुक्कामासाठी गाडी रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत आत नेता येते. ते अंतर नकाशातल्या तक्त्यात दिलेले असते. घरून निघतानाच तो फोनमध्ये उतरवून घ्या. घाटात नेटवर्क नसते.

नकाशावर रस्ता दिसला म्हणजे आरव्ही जाईलच असे नाही. तीस फुटी गाडी अरुंद कच्च्या रस्त्यात घातली आणि पुढे वळायला जागा नसली, तर ती उलटी काढताना चांगल्या चालकाचीही भंबेरी उडते. म्हणून गाडी फाट्यावर उभी करून आधी चालत जाऊन पाहावे. भाड्याची आरव्ही असेल तर करारनामा वाचाच. अनेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि मग नुकसानीचा खर्च तुमच्या माथी येतो.

फुकट जागेत नळ, संडास, कचरापेटी काहीच नसते. संडासाची टाकी फक्त डंप स्टेशनवरच रिकामी करायची. मुक्काम ओढ्या-तळ्यापासून २०० फूट दूर हवा. वणव्याच्या दिवसांत शेकोटीवर बंदी येते, अस्वलांच्या भागात अन्न बंद ठेवावे लागते. दोन्हींची चौकशी स्थानिक रेंजर कार्यालयात करावी. गर्दी आणि घाण वाढल्यावर क्रेस्टेड बट गावाभोवतीच्या खोऱ्यांत आता फक्त आखून दिलेल्या जागीच राहता येते.

हे सगळे झेपणारे नसेल, तर वनखात्याचे साधे तळ स्वस्त पडतात. जोडणी बहुधा नसते, पण संडास असतो. गाडीच्या लांबीची मर्यादा आरक्षणाआधी पाहावी. मुलांकडे स्थायिक झालेल्या, ग्रीनकार्ड असलेल्या आई-वडिलांना ६२ वर्षे पूर्ण झाल्यावर सीनियर पास काढता येतो. तो जवळ असला की सरकारी तळांपैकी बऱ्याच ठिकाणी भाडे निम्मे होते.