पैशाचं सोंग सोडून

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गर्दी असते ती पेंग्विनसाठी. बागेच्या दाराशीच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरणारे त्या मानाने थोडे, आणि तिथल्या मातीच्या चिमुकल्या माणसांपुढे रेंगाळणारे तर अगदीच मोजके. २ मे १८७२ रोजी हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. काचेआड जुनी मुंबई उभी आहे. कुणाचा धंदा हातातल्या हत्यारावरून कळतो, कुणाची जात पगडीवरून. चेहरे बरेचसे एका साच्यातले. फरक पडतो तो डोक्यावर. शाळेच्या डायरीत ‘शुक्रवारी वेशभूषा स्पर्धा’ एवढंच वाचून आणि पाकिटातल्या नोटा मोजून ज्या आईच्या पोटात गोळा येतो, तिने पोराला घेऊन आधी इथे यावं. डोक्यावर काय ठेवायचं ते ठरलं की निम्मा पोशाख झालाच.

या स्पर्धेला घरोघरी नाव एकच, फॅन्सी ड्रेस. नाव साहेबाचं आहे. ‘फॅन्सी’ हे ‘फँटसी’चंच आखडलेलं रूप, म्हणजे कल्पना, लहर. लहरीप्रमाणे चढवलेला पोशाख तो फॅन्सी ड्रेस. १८४२ साली व्हिक्टोरिया राणीने बकिंगहॅम राजवाड्यात असाच एक नाच ठेवला. ती झाली चौदाव्या शतकातली फिलिपा राणी आणि नवरा अल्बर्ट झाला तिसरा एडवर्ड. निमित्त सांगितलं होतं ते लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या रेशीम विणकरांना काम मिळावं हे. म्हणजे ज्या जोडप्याचं नाव आपल्या म्युझियमवर होतं आणि जिच्यावरून बाग ‘राणीची’ झाली, ती दोघं विणकरांच्या पोटासाठी नटली होती. पुढे याच बागेभोवती गिरण्या उभ्या राहिल्या आणि विणकरांचीच पोरं नटायला लागली. त्यांच्यासाठी मात्र कुणी नाच ठेवला नाही.

साहेबांची मौज भायखळ्याला परकी नव्हती. १८३३ साली निघालेला भायखळा क्लब इथलाच, आणि त्यात देशी माणसाला सभासद होता येत नसे. तरी आमच्या पोरांच्या अंगावरच्या पुठ्ठ्याचं कूळ शोधायला त्या क्लबात जायची गरज नाही. नाव तिकडचं असलं तरी कसब इथलंच आहे, आणि त्याला इथे फार जुना शब्द आहे: सोंग. संस्कृतातलं ‘स्वांग’ झिजून झालेला.

सोंगावरची आपली म्हण घराघरांत माहीत आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ती म्हणतात ती कर्जाच्या वेळी, लग्नाच्या वेळी, चेहरा पाडून. मला मात्र तिचा पहिला अर्धा भाग जास्त खरा वाटतो. उरलेली सगळी सोंगं आणता येतात, आणि ती आणायला पैसा लागत नाही, हे त्यात आपोआपच आलं.

मराठी मूल आयुष्यातलं पहिलं सोंग घेतं ते बोरन्हाणाला. संक्रांतीच्या दिवसांत काळं झबलं, आणि त्यावर हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, मुलगा असला तर हातात हलव्याची बासरी. हा हलवा पूर्वी घरीच व्हायचा. मंद शेगडीवर परात, तिच्यात तीळ किंवा खसखस, वरून थोडाथोडा पाक, आणि बोटांनी तासन्‌तास हलवत राहायचं. काटा फुटेस्तोवर आजीची बोटं लाल होत. मग पुठ्ठा कापायचा आणि त्यावर दोऱ्याने हलवा शिवत जायचं. साखर, दोरा, पुठ्ठा आणि काळ्या कापडाचा तुकडा, एवढ्या ऐवजात बाळकृष्ण तयार. आता दादरच्या दुकानांत तयार संच टांगलेले असतात आणि घेणारे घेतातही. दिसायला ते सुबक असतात, पण त्या मुकुटात कुणाच्या बोटांचा चटका नसतो.

दुसरं सोंग नवसाचं. जुन्या मुंबईत मोहरम सगळ्या शहराचा होता. मूल जगावं म्हणून इमामाला नवस बोलायचा आणि त्याला मोहरमात ‘फकीर’ करायचं. हिरवा रंगवलेला कपडा, गळ्यात रंगीत दोरे, आणि दारोदार मागायचं. मुसलमान घरांत हे होत होतंच, हिंदू घरांतही होत होतं. अंगावर पट्टे ओढून ‘वाघ’ होणारे वेगळेच. या फकिराच्या सोंगात कंजुषी हा दोष नव्हता, तोच नियम होता. भरजरी फकीर कुणी केला असता तर नवस फिटलाच नसता.

ऑगस्ट १८९३मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली आणि हा शेजार तुटायला लागला. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पाठोपाठ मेळे आले. मोहरमच्या टोळ्यांत जे गाणं, चालणं, वेष धरणं होतं, ते मेळ्यात आलं आणि सोबत राष्ट्रीय पदंही आली. मेळ्यातली पोरं एकसारख्या वेषात असत, पुष्कळदा मावळ्यांच्या. एका ताग्याचं कापड, चाळीतल्याच शिंप्याचं मशीन, कमरेला शेला म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. एकट्या पोराचं सोंग फसलं तर हसू होतं. वीस जणांचं सारखंच फसलं तर तो गणवेश ठरतो.

कपड्याच्या बाबतीत भायखळा ते परळ या पट्ट्याचं नशीब बरं होतं. खटाव मिल भायखळ्यातच होती. ज्याच्या घरातला माणूस गिरणीच्या खात्यात, त्याच्या घरी कटपीस आणि चिंध्यांचं गाठोडं खाटेखाली असायचंच. आणि गिरणीत आलेला माणूस बहुधा कोकणचा. त्याने शिमग्यात संकासूर पाहिलेला. अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. काळं कापड आणि दाढीपुरता थोडा ताग किंवा कापूस, एवढ्यावर गावातली पोरं घाबरून पळत. दशावतारातले नटही स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतात. ज्याने लहानपणी हे पाहिलं, त्याला मुलीसाठी परीचे पंख कसे करायचे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भायखळ्यात सोंगाचा आणखी एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. इथलं मागेन डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससूनने बांधलं ते बगदादी ज्यूंसाठी. पण त्यांच्या आधीपासून मुंबईत होते ते कोकणातून आलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल. एस्तर राणीची आठवण जागवणारा पुरीम सण होळीच्या आसपास येतो, म्हणून बेने इस्राएलांनी त्याला नाव दिलं ‘होळीचा सण’. पुरीमला मुलांना वेष घालण्याची रीत जगभरच्या ज्यूंमध्ये आहे. एकाच शहरात एका घरी शिमग्याची सोंगं, दुसऱ्या घरी पुरीमची, आणि सणाला दोघांच्या तोंडी शब्द होळीचा.

ही सगळी सोंगं जोडणारी वस्तू म्हणजे बेगड. कथलाचा रंगीत, चकाकणारा पातळ पत्रा. मोहरमच्या ताबुतावर बेगड, गणपतीच्या मखरावर बेगड, नवरदेवाच्या बाशिंगावर बेगड. आता त्याच्या जागी चमकीचा कागद आला तरी काम तेच. भाषेने मात्र त्याचा सूड घेतला. ‘बेगडी’ म्हणजे खोटं, वरवरचं. मला हा अन्याय वाटतो. बेगडाने आपण सोनं आहोत असा दावा कधी केला नाही. आठ वर्षांच्या पोराच्या तलवारीवर तो लावतात तेव्हा लावणाऱ्याला, बघणाऱ्याला आणि खुद्द पोरालाही ते पुठ्ठ्याचं आहे हे ठाऊक असतं.

आणि सोंग चालतं ते याच बोलीवर. बघणाऱ्याने खूण ओळखायची आणि उरलेलं मनात पुरं करायचं. मोरपीस दिसलं की कृष्ण. पाठीला बाहुली बांधली की झाशीची राणी. काठी, पंचा आणि तारेचा गोल चश्मा आला की गांधी. या खुणा पक्क्या केल्या त्या छापील चित्रांनी. रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि देवांची तोंडं भिंतीभिंतींवर पोचली. फाळक्यांनी १९१९च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. घरचंच पोर, देवाच्या वेषात. सगळ्यात स्वस्त खूण मात्र विठ्ठलाची. कपाळाला बुक्का, पायाखाली वीट, आणि दोन्ही हात कमरेवर. हात कमरेवर ठेवायला काहीच पडत नाही. अडचण एकच, पाच वर्षांचा विठ्ठल दहा मिनिटं तसा उभा राहत नाही; तो खाजवतो.

भाड्याच्या पोशाखाचं कूळ वेगळं, ते नाटकाच्या कपडेपटातून येतं. मगनलाल ड्रेसवाला ही मुंबईची पेढी १९२६ची, आणि पुढे सिनेमाचे राजेरजवाडे तिथूनच सजले. भाड्याने आणण्यात पाप नाही. पण त्या मखमलीत पोर हरवतं. खांद्यावर दोन सेफ्टी पिना, कमरेत चार, गळ्याशी टोचणारी जर, आणि ‘फाडू नकोस, डिपॉझिट आहे’ हे वाक्य. त्यापेक्षा बुटाच्या खोक्याचा टोप बरा, तो फाटला तर फाटला.

घरच्या कारागिरीचा खरा शत्रू पैसा नसून पाऊस आहे. आषाढी, गोकुळाष्टमी, पंधरा ऑगस्ट, सगळं मुंबईच्या पावसाळ्यात. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणलेला क्रेप पेपर दोऱ्यात ओवून चुण्या घातल्या, मैद्याची खळ करून पुठ्ठ्याला पानं चिकटवली, की झाड तयार. पण भायखळा स्टेशनच्या पुलावर एक सर आली की झाड गळायला लागतं आणि हिरवा रंग शाळेच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो. तो साबणाने जात नाही. आमच्या चाळीतल्या बायकांनी यावर उपाय काढला होता. पोराला गणवेशात न्यायचं, सोंग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि शाळेच्या जिन्यात पाच मिनिटांत चढवायचं. मिशीसाठी काजळाची डबी पर्समध्ये.

त्या चाळीत एक जिरेटोप होता. आत पुठ्ठा, वर कुणाच्या तरी ब्लाउजपिसाचं केशरी कापड, खालच्या काठाला मण्यांची माळ. पहिल्यांदा कुणी केला ते कुणाला आठवत नव्हतं. जून उलटला की दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारायचं, ‘अगं, टोप कुणाकडे आहे?’ मग तो कुठल्या तरी माळ्यावरून खाली यायचा. एखादा मणी गेलेला असायचा, पुठ्ठा मऊ पडलेला असायचा. ज्याच्या डोक्याला तो घट्ट झाला त्याची आई मागची शिवण उसवून एक पट्टी जोडायची, आणि वर्षाने टोप पुढच्या दाराला.